पाणलोट संस्थेसाठी जीआयएस: आर्कजीआयएस, क्यूजीआयएस की तयार पोर्टल?

कोरडवाहू विचारतात:

यवतमाळ जिल्ह्यातल्या पाणलोट विकासाच्या संस्थेसाठी नकाशांचं, म्हणजे जीआयएसचं, सॉफ्टवेअर ठरवायचं आहे. पुसद, दारव्हा, यवतमाळ, पांढरकवडा, वणी हे पट्टे आणि साधारण ८० गावं. ऑफिसात पाच कॉम्प्युटर, गावात फिरणारे १४ कार्यकर्ते, सगळ्यांकडे साधे अँड्रॉइड फोन.

सध्याचा डेटा विखुरलेला आहे. कामांच्या एक्सेल याद्या, गूगल अर्थमध्ये लावलेल्या पिना, कुणीतरी पूर्वी केलेल्या शेपफाइल (नकाशाच्या डेटाच्या फाइली), गाव नकाशांचे स्कॅन आणि काही गावांचे ५ सेंमीचे ड्रोन फोटो. हवं ते एवढंच: प्रत्येक सलग समतल चर, माती नाला बांध, गॅबियन (जाळीत दगड भरून केलेला बांध), शेततळं नकाशावर दिसावं, त्याचा खर्च, फोटो, गट नंबर सोबत असावा, वर्षाअखेरीस देणगीदाराला गाववार नकाशे देता यावेत आणि गावकऱ्यांना आपल्या गावाचा नकाशा मोबाइलवर बघता यावा.

विश्वस्तांपैकी काहींचं म्हणणं, सरकारी खात्यांत एस्री कंपनीचं विकतचं आर्कजीआयएस चालतं तर आपणही तेच घ्यावं. ऑफिसातल्या मुलांना फुकट मिळणारं क्यूजीआयएस हवं आहे. तिसरीकडे एका वेंडरने वेब पोर्टलचं कोटेशन दिलंय, वर दरवर्षी १५ टक्के देखभाल. एकरकमी पैसा मिळू शकतो, दरवर्षीचा नाही. कुठून सुरुवात करावी?

---

गटनंबर यांचं उत्तर:

सुरुवात सॉफ्टवेअरपासून करू नका. डेटा कुठे राहणार आणि त्याला जबाबदार कोण, हे दोन प्रश्न आधी सोडवा. सॉफ्टवेअर तीन वर्षांनी बदलता येतं. ८० गावांच्या नोंदी तीन प्रकारच्या कोडांनी आणि चार प्रकारच्या स्पेलिंगांनी भरल्या गेल्या, तर त्या निस्तरायला सॉफ्टवेअरच्या किमतीपेक्षा जास्त पैसा जातो.

पहिलं काम, गावाचा कोड. नावावरून कधीच जोडणी करू नका. 'पिंपरी' आणि 'पिंप्री' एकच गाव, पण संगणकाला दोन. उलट 'वडगाव' एकाच तालुक्यात दोनदा सापडू शकतं. जनगणना २०११ चा सहा आकडी गावकोड मुख्य धरा, शेजारच्या रकान्यात स्थानिक शासन निर्देशिकेचा, म्हणजे एलजीडीचा कोड ठेवा. दोन्ही रकाने मजकूर प्रकारचे हवेत, संख्या नाही. एका तक्त्यात कोड संख्या आणि दुसऱ्यात मजकूर असेल तर जोडणी गुपचूप रिकामी येते, आणि एक्सेल कोडापुढचे शून्य खाऊन टाकतं ते वेगळंच. एक्सेलमधून बाहेर काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात.

दुसरं, शेपफाइल बंद करा. ती मराठीसाठी बनलेलीच नाही. रकान्याचं नाव १० बाइटांत बसवावं लागतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. 'गाव' ९ बाइटांत कसंबसं बसतं, 'तालुका' तुटतं. मजकुराचा रकाना २५४ बाइटांचा, म्हणजे काना-मात्रा धरून ८४ चिन्हं. कामाचा शेरा तिथेच अर्धवट कापला जातो. शिवाय एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे, सीपीजी अशा पाच फाइली सोबत फिरवायच्या. व्हॉट्सॲपवरून पाठवताना सीपीजी सुटली की अक्षरं बिघडतात आणि पीआरजे सुटली की नकाशा भलतीकडे जातो. त्याऐवजी जिओपॅकेज वापरा. एकच फाइल, त्यात कितीही थर (गावं, बांध असे नकाशाचे वेगवेगळे पदर), हवी तेवढी लांब मराठी नावं.

पण जिओपॅकेज शेअर फोल्डरमध्ये किंवा गूगल ड्राइव्हवर ठेवून पाच जणांनी एकदम उघडायची नाही. आत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आहे. फाइल उघडी असताना तिच्या शेजारी 'वाल' नावाची पुरवणी फाइल तयार होते आणि ताजे बदल आधी त्या पुरवणीत जातात. ड्राइव्ह मूळ फाइल उचलतं, पुरवणी मागे राहते, आणि सकाळचं काम संध्याकाळी गायब झालेलं असतं. एकापेक्षा जास्त माणसं एकाच वेळी भरणार असतील तर पोस्टजीआयएस, म्हणजे सर्व्हरवरचा नकाशांचा डेटाबेस, हवाच. पाच कॉम्प्युटर आणि काही लाख नोंदींसाठी ८ जीबी मेमरी आणि एसएसडी असलेला साधा डेस्कटॉप सर्व्हर म्हणून पुरतो. त्याला यूपीएस लावा, रोज रात्री बॅकअप दुसऱ्या डिस्कवर जाऊ द्या, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप खरंच परत उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

हे लावून दिलं की वरून क्यूजीआयएस जोडा नाहीतर आर्कजीआयएस, फार फरक पडत नाही. तुमच्या गरजा पाहता मी क्यूजीआयएस घेईन. गाववार नकाशांसाठी त्यात 'ॲटलास' आहे: एक मांडणी करा, गावांचा थर द्या, ८० पानांची पीडीएफ एका फेरीत निघते. फक्त निर्यात करताना मजकूर 'पाथ' म्हणून पाठवायचा पर्याय ठेवा, नाहीतर छापखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट युनिकोडच हवा, नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता. जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नंतर नाही.

पाचही कॉम्प्युटरवर एकच आवृत्ती टाका आणि तीही दीर्घ मुदतीची, एलटीआर. नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रकल्प जुन्यात उघडला की काही मांडण्या गळू शकतात.

---

लायसन्सवाले यांचं उत्तर:

वरच्या उत्तराशी बहुतेक सहमत, पण आर्कजीआयएसला इतक्या सहज बाजूला सारू नका. ते कुणी घ्यावं हे स्पष्ट सांगतो.

पाणीपुरवठ्याच्या पाइपांचं किंवा विजेच्या तारांचं जाळं सांभाळायचं असेल, एकाच डेटावर वीस माणसं वेगवेगळ्या आवृत्त्यांत बदल करून नंतर मिसळणार असतील, किंवा अडचण आल्यावर फोन उचलणारा माणूस करारात लिहून हवा असेल, तर ते पैसे वसूल होतात. फोनवरचं फील्ड मॅप्स, डॅशबोर्ड आणि वेब नकाशा एकाच खात्यात जोडलेले मिळतात, जुळवाजुळव करावी लागत नाही. क्यूजीआयएसमध्ये ती जुळवाजुळव तुमच्याच माणसाला करायची आहे. तो माणूस नसेल तर 'फुकट' या शब्दाला अर्थ नाही.

तुमच्या बाबतीत अडचण माणसांच्या संख्येची आहे. आता परवाना नावावर असतो. डेटा बदलणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं खातं लागतं, म्हणजे ऑफिसातले अधिक १४ कार्यकर्ते. एक पासवर्ड चौदा जणांत फिरवणं हा कराराचा भंग आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. पत्त्यांवरून ठिकाण शोधण्यासारख्या सेवांना 'क्रेडिट' लागतात, १००० पत्त्यांना ४०. क्रेडिट संपली की पुन्हा विकत घ्या. हा सगळा खर्च दरवर्षीचा, आणि तुम्ही म्हणता तोच पैसा नाही. सेवाभावी संस्थांसाठी एस्रीची सवलतीची योजना आहे, तेव्हा बाजारभाव बघून घाबरायच्या आधी तिचा दर लेखी मागवा. मात्र सवलत बंद झाली तर मूळ दर परवडेल का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

'सरकारी खात्यात तेच चालतं' हा मुद्दा फार ताणू नका. खात्याकडून आर्कजीआयएसच्या प्रकारचा 'फाइल जिओडेटाबेस' आला तरी क्यूजीआयएस तो वाचतं, आणि त्याच्या आतल्या जीडीएएल या लायब्ररीच्या ३.६ आवृत्तीपासून लिहितासुद्धा येतं.

आणि एक. बऱ्याच ऑफिसांत पेनड्राइव्हवरून आलेलं आर्कमॅप (आर्कजीआयएसचं जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर) असतं. ते काढून टाका. १ मार्च २०२६ ला एस्रीने आर्कमॅप निवृत्त केलं, म्हणजे सुरक्षेची दुरुस्तीही नाही. देणगीदाराच्या लेखापरीक्षणात चोरीचं सॉफ्टवेअर सापडलं तर नकाशे सोडा, पुढचा हप्ता अडतो.

---

बांधबंदिस्ती यांचं उत्तर:

फील्डची बाजू कुणीच बोललं नाही. तुमचं ८० टक्के काम तिथे आहे.

क्यूफील्ड आणि मर्जिन मॅप्स हे मोबाइल ॲपचे दोन पर्याय बघा. दोन्ही क्यूजीआयएसचा प्रकल्प जसाच्या तसा फोनवर नेतात, रेंज नसताना चालतात. फक्त फॉर्म भरायचा आणि एक बिंदू घ्यायचा असेल तर कोबो किंवा ओडीके ही फॉर्मची ॲपही पुरतात. पण कार्यकर्त्याला आधीची कामं नकाशावर बघत बघत नवं नोंदवायचं असेल, तर क्यूफील्डच बरं.

फॉर्म बनवताना या गोष्टी पक्क्या करा. कामाचा प्रकार लिहायला देऊ नका, यादीतून निवडायला द्या. नाहीतर 'एमएनबी', 'मा.ना.बांध' आणि 'माती बंधारा' अशी तीन कामं तयार होतात. प्रत्येक नोंदीची ओळख यूयूआयडीने (आपोआप बनणारा, दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांब कोड) द्या, १, २, ३ अशा आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाने नाही, कारण दोन फोन एकाच दिवशी १०१ क्रमांकाची वेगवेगळी कामं तयार करतात आणि जोडताना एक दुसऱ्यावर चढतं. गावकोड, प्रकार आणि तारीख सक्तीची करा. बाकी ऐच्छिक ठेवा. पंधरा सक्तीचे रकाने दिले की माणसं खोटं भरायला शिकतात.

फोटोंचा हिशेब आधीच करा. १४ माणसं, दिवसाला १० फोटो, प्रत्येकी ४ एमबी म्हणजे रोज ५६० एमबी. गावातल्या रेंजवर हे वर चढत नाही. सेटिंगमध्येच फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलपर्यंत मर्यादित करा. कामाचा पुरावा म्हणून तेवढं स्पष्ट पुरतं.

फोनच्या जीपीएसकडून मोकळ्या माळावर ३ ते ५ मीटरची अपेक्षा ठेवा, झाडाखाली किंवा नाल्याच्या खोल काठात त्याहून वाईट. क्यूफील्डमध्ये अचूकतेची मर्यादा लावता येते. ती न गाठल्यास बिंदू घेऊ द्यायचा नाही, आणि काही सेकंदांची सरासरी घ्यायची सोयही आहे. दोन्ही चालू करा. बांधाची जागा दाखवायला हे ठीक. गटाची हद्द ठरवायला अजिबात नाही. ती भूमी अभिलेखच्या मोजणीनेच ठरते. आपल्या नकाशावर तसं ठळक लिहा, नाहीतर शेजाऱ्यांच्या भांडणात तुमचा पीडीएफ पुरावा म्हणून फिरेल.

---

कोरडवाहू:

सगळ्यांचे आभार. तीन शंका. एक, आमच्या जिल्ह्यात यूटीएमचे (मीटरमध्ये मोजायच्या नकाशा-पद्धतीचे) झोन ४३ आणि ४४ दोन्ही येतात असं कळलं. मग प्रकल्प दोन करायचे का? दोन, गाव नकाशांचे स्कॅन कसे बसवायचे? तीन, उपग्रहाच्या मोफत उंचीच्या डेटावरून समतल चरांच्या रेषा काढता येतील का?

---

गटनंबर यांचं उत्तर:

झोनची हद्द ७८ अंश पूर्वेला. पुसद आणि दारव्हा तिच्या पश्चिमेला, म्हणजे ४३ मध्ये. यवतमाळ शहर, पांढरकवडा, वणी ४४ मध्ये. दोन प्रकल्प करू नका. सगळ्या जिल्ह्याला एकच झोन ४४ वापरा, त्याचा ठरलेला क्रमांक ईपीएसजी ३२६४४. पुसद त्या झोनच्या थोडं बाहेर पडतं, म्हणून तिथे अंतरात किलोमीटरला सव्वा मीटरच्या आसपास आणि क्षेत्रफळात पाव टक्क्याच्या आसपास फरक येतो. चराच्या मोजमापाला हा फरक जाणवणारसुद्धा नाही. खरा धोका झोन मिसळण्यात आहे. झोन ४३ चे आकडे कुणी ४४ समजून टाकले, तर पुसदचा बांध सहाशेहून जास्त किलोमीटर पूर्वेला ओडिशात जाऊन बसतो. म्हणून फोनवर आणि देवाणघेवाणीत अक्षांश-रेखांश, म्हणजे ईपीएसजी ४३२६ ठेवा. मीटरमध्ये फक्त विश्लेषण करा.

क्षेत्रफळाचा मोठा सापळा वेगळा आहे. वेब नकाशांचं ३८५७ हे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) तुमच्या अक्षांशावर क्षेत्रफळ साधारण १४ टक्क्यांनी फुगवतं. १० हेक्टरचं ११.४ हेक्टर होतं आणि खर्चाचे दर त्याच आकड्यावर लागतात. क्यूजीआयएसमध्ये 'डॉलर एरिया' हे सूत्र प्रकल्पात ठरवलेल्या पृथ्वीच्या गोलाईवर मोजतं, पण नुसतं 'एरिया' हे सूत्र थराच्या सपाट प्रक्षेपणावर मोजतं. अहवालासाठी पहिलंच वापरा, आणि एका ओळखीच्या गटाचं उत्तर सातबाऱ्याशी ताडून बघा.

गाव नकाशांबद्दल: स्कॅन ३०० डीपीआय, सपाट, घडी पडलेला नको. ८ ते १० नियंत्रण बिंदू (ज्यांची खरी जागा माहीत आहे असे) चारी कोपऱ्यांत आणि मध्ये पसरून घ्या, जिथे दगड किंवा तीन हद्दींचा सांधा प्रत्यक्षात आजही दिसतो. नाल्याचं वळण किंवा पांदण घेऊ नका, दोन्ही सरकतात. आधी 'पॉलिनॉमियल १' ही साधी पद्धत लावा आणि चूक किती येते ते बघा. 'थिन प्लेट स्प्लाइन' लावलं की चूक शून्य दिसते, कारण ती पद्धत प्रत्येक बिंदू ओढूनच जागेवर आणते. चुकीचा बिंदूही तिथे खरा ठरतो आणि आजूबाजूचे गट वाकडे होतात. १:५००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेषा जमिनीवर अडीच मीटरची असते. त्याहून बारीक अचूकतेचा दावा कुणी केला तर तो ऐकून सोडून द्या.

---

बांधबंदिस्ती यांचं उत्तर:

तिसऱ्या शंकेचं उत्तर: नाही, काढता येणार नाहीत. उंचीचा डेटा इस्रोचा कार्टोडेम असो की युरोपच्या कोपर्निकसचा ३० मीटरचा, उंचीतली चूक काही मीटरची असते. संगणक त्यावरून १ मीटरच्या समोच्च रेषा हसत हसत काढून देतो, दिसतातही सुंदर, पण त्यात जमीन नसते. १० मीटरच्या रेषा आणि सूक्ष्म पाणलोटाची हद्द, एवढंच त्यातून मागा. चराची आखणी डंपी लेव्हलने (दुर्बिणीतून उंची मोजायचं यंत्र) किंवा जमिनीवर नियंत्रण बिंदू घेतलेल्या ड्रोन सर्वेक्षणाने.

पाणलोटाची हद्द काढताना दोन चुका हमखास होतात. उंचीचा डेटा अंशांत असतानाच उतार काढला की सगळीकडे ९० अंशांच्या जवळचे कडे दिसतात, कारण आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये. आधी ३२६४४ मध्ये आणा. दुसरी चूक म्हणजे क्यूजीआयएसमधून चालणाऱ्या ग्रासच्या 'आर वॉटरशेड' या साधनातला किमान आकार हेक्टरमध्ये टाकणं. तो पेशींच्या, म्हणजे डेटातल्या चौकोनांच्या, संख्येत द्यायचा असतो. ३० मीटरची एक पेशी ०.०९ हेक्टर, म्हणजे ५०० हेक्टरच्या पाणलोटासाठी ५५५० च्या आसपास. नुसते ५०० टाकले तर ४५ हेक्टरचे तुकडे पडतात.

---

सर्व्हरखोली यांचं उत्तर:

पोर्टलच्या कोटेशनवर थोडं. तुमच्या गरजेला सानुकूल पोर्टल लागत नाही. गावकऱ्यांना बघण्यासाठी क्यूजीआयएस सर्व्हरवर लिझमॅप (क्यूजीआयएसचा नकाशा वेबवर दाखवणारं सॉफ्टवेअर) बसवलं, किंवा ८० गावांचे ॲटलासचे पीडीएफ संकेतस्थळावर टाकले तरी चालेल. दुसऱ्या पर्यायाला हसू नका, मंद नेटवर तोच उघडतो.

तरीही पोर्टल घेणार असाल तर सही करण्याआधी करारात ही कलमं बघा. डोमेन आणि सर्व्हरचं खातं संस्थेच्या नावावर. दर महिन्याला पूर्ण डेटा जिओपॅकेज किंवा पोस्टग्रेस डेटाबेसच्या पूर्ण प्रतीच्या (डम्पच्या) रूपात तुमच्या हातात, फोटोंसकट. नुसतं एक्सेल नको, त्यात नकाशावरचा आकार हरवतो. करार संपल्यावर ३० दिवसांत सगळं परत. १५ टक्क्यांत काय काय येतं हे ओळीने लिहून घ्या, विशेषतः सुरक्षेच्या दुरुस्त्या. अशा पोर्टलांच्या पोटात बहुतेकदा नकाशे नेटवर पुरवणारा जिओसर्व्हर असतो. २०२४ मध्ये त्यात बाहेरच्या माणसाला सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवू देणारी त्रुटी सापडली होती, सीव्हीई-२०२४-३६४०१. २.२३.६, २.२४.४ आणि २.२५.२ पासून ती बुजवलेली आहे. वेंडरला आवृत्ती विचारा. उत्तर द्यायला दोन दिवस लागले तर देखभाल कशी होणार ते तिथेच कळतं.

ड्रोनच्या फोटोंचं वेगळं आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आडव्या मापात १ मीटरपेक्षा आणि उभ्यात ३ मीटरपेक्षा बारीक डेटा भारतातच साठवायचा आणि भारतातच हाताळायचा. तुमचे ५ सेंमीचे फोटो त्यात येतात, तेव्हा क्लाउडचा सर्व्हर मुंबईत आहे की परदेशात हे लेखी घ्या. हेच आर्कजीआयएसच्या ऑनलाइन खात्यालाही लागू. आकारही बघा: १ चौरस किलोमीटरला ५ सेंमीने ४० कोटी पिक्सेल, तीन रंगांचे मिळून न दाबलेले १.२ जीबी. जेपीईजी दाबणीने क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ करून ठेवा, साधारण दहाव्या हिश्शावर येतं आणि नेटवरून तुकड्यातुकड्याने उघडतं. मूळ फाइल मात्र बाहेरच्या डिस्कवर जपा, दाबलेल्यातून मूळ परत मिळत नाही.

शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, आधार हे लोकांना दिसणाऱ्या थरात अजिबात नको. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी साधी गोष्ट: कुणाच्या शेतात किती खर्च झाला हे गावात फिरू लागलं की पुढच्या वर्षी माहिती कुणी देत नाही. पोस्टजीआयएसमध्ये ही माहिती वेगळ्या तक्त्यात ठेवा आणि पोर्टलच्या वापरकर्त्याला फक्त गाळलेला 'व्ह्यू' वाचायची परवानगी द्या.

---

लायसन्सवाले यांचं उत्तर:

अजून एक सुचवतो, विश्वस्तांसाठी. वाद घालण्यापेक्षा एक गाव निवडा, शक्यतो दारव्ह्याकडचं, म्हणजे झोनचा घोळही तपासला जाईल. त्या गावाची हद्द, गाव नकाशा, ड्रोन फोटो, एक्सेलमधली जुनी कामं आणि दोन कार्यकर्त्यांनी फोनवर घेतलेल्या २०-२५ नव्या नोंदी, एवढं घेऊन अहवालाच्या पीडीएफपर्यंतची पूर्ण फेरी करा. एकदा क्यूजीआयएसने, एकदा आर्कजीआयएसच्या २१ दिवसांच्या चाचणी आवृत्तीवर. वेंडरलाही तोच डेटा द्या आणि शेवटी त्याच्या पोर्टलमधून सगळं परत जिओपॅकेजमध्ये मागा. नोंदींची संख्या, फोटोंची संख्या आणि मराठी रकाने जसेच्या तसे आले का, हे मोजून बघा. चाचणीचं खातं डेटा तयार झाल्याशिवाय उघडू नका, दिवस खातं सुरू केल्यापासून मोजले जातात आणि अर्धे एक्सेल साफ करण्यातच जातात.